चाखणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या घरात खोटं बोलणारं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे झालं ते ऐकून सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंना तसं वाटलं होतं. आमचे हे तर खोटं बोलायच्या कामाचेच नाहीत. खोटं बोलायला गेले की कान लाल होतात, हे सगळ्या गावाला माहीत. "सकाळी काय खाल्लंत?" असं त्यांना कुणी विचारलं तर ते सरळ डोळ्यांत बघून म्हणायचे, "काय बी न्हाय." कान जिथल्या तिथं, रंग जिथल्या तिथं. त्यांच्या हिशेबानं ते खरंच होतं. घोळ त्यांच्या हिशेबात होता.

आमचं गाव भूमपासून जवळ. पाऊस बेताचा, रान बरड, म्हणून या भागात दारोदार म्हशी आणि गावोगाव खव्याच्या भट्ट्या. आमची भट्टी घराच्या मागच्या अंगाला आहे. सासऱ्यांनी घातली, ह्यांनी चालवली, आता मुलगा दूध गोळा करतो आणि तयार खवा तुळजापूरच्या पेढेवाल्यांकडं पोचवतो. पण कढईजवळ मात्र अजून हेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. भट्टीवर मी कधी पाऊल टाकलं नाही. शाळेचं निमित्त होतं, पण खरं कारण वेगळं. आटत्या दुधाचा वास मला लग्न होऊन आले तेव्हापासून सोसत नाही. खवा तर तोंडात धरवत नाही. पण खव्याच्या घरात पडलेल्या सुनेनं हे बोलायचं कुणाजवळ? गप्प बसले, ती बसलेच.

ह्यांचं दुखणं कमरेपासून सुरू झालं. कंबर धरली म्हणून तेल लावलं, शेकलं, वन्संनी परंड्याहून कसला तरी लेप आणून थापला. मग लघवी अडायला लागली तेव्हा कुठं हे दवाखान्यात यायला राजी झाले. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि तो हाडापर्यंत पोचलेला. प्रोस्टेट नावाचा अवयव आपल्याला आहे हेच ह्यांना तोवर ठाऊक नव्हतं. "इतकी वरसं गपगुमान हुतं की वो," म्हणाले, "आताच काय झालं त्याला?"

डॉक्टरीणबाईंनी दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू केलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद केलं की तो उपाशी पडतो, असा त्याचा अर्थ. आणि तो पडला. काही वर्षं छान गेली. फक्त ह्यांच्या अंगाची लाही व्हायला लागली. ऐन थंडीत, अख्खं गाव शेकोटीला बसलेलं असताना, हे एकदम सदरा काढायचे आणि घामानं निथळत म्हणायचे, "अगं, मला काय व्हायलंय बग की!"

मला बघायची काय गरज? मी ते सगळं दहा वर्षांपूर्वी, पाळी जाताना भोगलेलं. तेव्हा मी पंख्याखाली बसले की हेच महाशय म्हणायचे, "थंडीत पंखा? नकरं हायत सगळे." आता मी म्हटलं, "नखरे आहेत, दुसरं काय!" पण मग कीव आली. मानेवर ओला पंचा ठेवायचा, पातळ सुती कापड घालायचं, चहा गार करून प्यायचा, सगळं शिकवलं. आमच्या ओसरीवर दुपारी माझ्या वयाच्या बायका जमतात, त्यांना ही बातमी लागली. एकेकीनं ह्यांना आपापला उपाय सांगितला. हे आधी लाजले, मग हळूहळू सरकत सरकत येऊन बसायला लागले. थोड्याच दिवसांत अशी गत झाली की बायका ओसरीवर कुणाची झोप उडाली, कुणाला रडू येतं याच्या गप्पा मारायच्या आणि मधोमध धोतरातले हे मान डोलवत म्हणायचे, "व्हय, मला बी तसंच व्हतंय." गावातल्या पुरुषांनी चिडवलं. ह्यांनी त्यांच्याकडं जाणं सोडलं, बायकांकडं येणं सोडलं नाही.

मग एका तपासणीला रक्तातला तो आकडा, पीएसए म्हणतात तो, वर चढलेला निघाला. पुढच्या वेळी आणखी वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, कॅन्सर आता इंजेक्शनला जुमानत नाही."

"म्हंजे आमच्या मास्तरणीगत," हे म्हणाले. मी डोळे वटारले. अशा वेळी ह्यांना विनोद सुचत होता.

बाई वयानं लहान पण समजावून सांगायची हातोटी मोठी. म्हणाल्या, "असं समजा, कॅन्सरची भट्टी हार्मोनच्या दुधावर चालते. इंजेक्शननं आपण मोठी डेअरी बंद केली. पण मूत्रपिंडावर छोट्या ग्रंथी असतात, त्या थोडं थोडं दूध घालतात. आणि आता कॅन्सरनं स्वतःचीच म्हैस पाळली आहे."

"किती लिटरची?" ह्यांनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "थोड्या दुधाचीच, पण कॅन्सरच्या भट्टीला तेवढं पुरतं. पूर्वी अशा वेळी सलाइनमधून केमो हाच एक रस्ता असायचा. आता गोळ्या आल्या आहेत. ही गोळी डेअरी, ग्रंथी, कॅन्सर, सगळीकडच्या म्हशी भाकड करते." ह्यांना ते लगेच पटलं. भाकड म्हैस म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

मग नियम सांगितले. चार गोळ्या एकदम, रिकाम्या पोटी. आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर तासभर पाण्याशिवाय काही नाही. पोटात काही असलं, त्यातून तूप-साय असलं, तर औषध अंगात कितीतरी पट जास्त उतरतं आणि बाधतं. इंजेक्शन चालूच राहील. आणि गरोदर बाईनं या गोळीला उघड्या हातानं शिवायचं नाही. मी ते सगळं ह्यांच्याकडून बाईंसमोर दोनदा म्हणवून घेतलं. सवय आहे मला.

शेवटच्या नियमानं घरात वेगळाच गोंधळ घातला, कारण सून तेव्हा पोटुशी होती. वन्सं मुक्कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "शिवायचं न्हाय म्हंजे सोवळ्यातली गोळी की गं!" आणि त्यांनी बाटली नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सून मला म्हणाली, "आत्या, दिवाबत्ती मी कशी करू? गोळी हाय तिथं." मी बाटली कपाटात ठेवली, तर कपड्यांच्या घड्या करायचं तिनं सोडलं. फडताळात ठेवली, तर भांडी लावायचं सोडलं. हुशार पोरगी. शेवटी मी ती बाटली माझ्या जुन्या ट्रंकेवर ठेवली, तिथं घरातलं काहीच काम निघत नव्हतं.

पोट रिकामं ठेवायची जबाबदारी मात्र मी अंगावर घेतली, आणि अशी घेतली की विचारू नका. पहाटे मी उठायची, गोळ्या ह्यांच्या तळहातावर मोजून ठेवायची, पाणी द्यायची, आ करायला लावून तोंडात बघायची. मग हे मागं भट्टीवर कामाला जायचे आणि मी पुढच्या दारात खुर्ची टाकून बसायची. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला येणारे लोक कोंबडा आरवायच्या आत येतात, आणि चहाशिवाय बसत नाहीत आणि एकटे पीत नाहीत. "दादांना बी घोटभर द्या की" सुरू. मी सगळ्यांना दारातूनच परत पाठवायची. "तासानं या." एकदा वन्सं म्हणाल्या, "दुधाचा एक घोट घेऊ दे त्याला, वाळून चाललाय." मी अशी ओरडले की त्या दुपारच्या एसटीनं परंड्याला निघून गेल्या. गाव म्हणायला लागलं, मास्तरीण रिटायर झाली पण हिची शाळा काय सुटली नाही.

आणि गुण आला! आकडा असा धाडकन खाली आला की बाई कागद पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. "इतका झपाट्यानं उतार!" म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, पोट रिकामं ठेवते ना मी." त्यांना इतका आनंद झाला की बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटांच्या बायकांना समजावायला त्यांनी मलाच सांगितलं. मग काय! मी पदर खोचून उभी राहिले आणि रिकामं पोट म्हणजे काय यावर बोलले. चहा म्हणजे खाणं, बिस्कीट म्हणजे खाणं, बडीशेपसुद्धा खाणंच. हे शेजारी बसून मान डोलवत होते. "हिच्यामुळं हाय म्या," असंही म्हणाले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पुढं ह्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. पोटऱ्यांत गोळे यायचे. मला वाटलं, उभं राहून राहून होत असेल. मग एका सकाळी मागून सुनेची किंकाळी ऐकू आली, "आत्या, मामा पडले!" मी धावले. हे कढईच्या बाजूला बसकण मारून बसलेले, हातात उलथणं तसंच, ओठ पांढरे. म्हणाले, "कढई उतरव आधी." माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि ह्यांना खव्याची काळजी. मी ती कढई लाथेनं उलथी केली असती, पण गरम होती.

सोलापूरला दाखल केलं. रक्तातलं पोटॅशियम पार खाली गेलेलं, ब्लडप्रेशर वर चढलेलं, हृदयाचा ठोका मधेच चुकत होता. सलाइन लावलं, यंत्रं लावली. एकेक टिक ऐकत मी तिथं बसून राहिले. हा माणूस गेला तर मी भांडायचं कुणाशी, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. संध्याकाळी जरा स्थिरावले तेव्हा बाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या.

"काका, गोळी घेतल्यावर काही खाता?"

"न्हाय."

"चहा? दूध?"

"ही पिऊ देतीय व्हय!"

बाई माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, "माझ्या आईची शपथ, पाण्याशिवाय काही नाही."

"मग घोडं पेंड खातंय कुठं?" बाई म्हणाल्या. "काका, उठल्यापासून काय काय करता ते ओळीनं सांगा बरं."

ह्यांना कुणी कामाबद्दल विचारलं की तब्येत आपोआप सुधारते. उठून बसले. "उठतो. तोंड धुतो. ही गोळ्या देती, त्या घेतो. भट्टीवर जातो. सांजचं दूध कढईत वततो, जाळ लावतो, हलवत ऱ्हातो. आटत आलं की चाखतो. पुन्ना हलवतो. पुन्ना चाखतो. घाणा उतरला की चाखतो. मंग दुसरा घाणा लावतो…" एका कढईतून एका वेळी निघतो तो खवा म्हणजे एक घाणा, हे मी बाईंना सांगणार होते, पण त्यांनी हात वर केला.

"थांबा. चाखतो म्हणजे किती?"

ह्यांनी बोटं जुळवून दाखवलं. चांगलं लिंबाएवढं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे गोळी घेऊन तुम्ही रोज खवा खाता."

"न्हाय वो. खात न्हाय. चाखतो." ह्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं, आपल्यावर आळ आल्यासारखं. "खायाला बसावं लागतंय. ताट लागतंय. खाल्लं की माणूस हात धुतंय, ढेकर देतंय. चाखलं की धोतराला बोट पुसलं, झालं. ते आमचं काम हाय. त्यात पोटाचा काय संबंध? आन खवा तर उपासाला बी चालतोय. नवरात्रात नऊ दिवस उपास धरून म्या चाखतो. आई भवानीनं कधी एका शब्दानं इचारलं न्हाय, आन तुमी इचारायलाव!"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "आणि ताई, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

मी पुढचं दार राखत बसले होते आणि मागच्या दारी म्हशीचं दूध आटवून आटवून, अर्कासारखं, ह्यांच्या पोटात जात होतं. मला त्या बाकावरच्या बायका आठवल्या. बडीशेपसुद्धा खाणं, म्हणे! धरणी दुभंगली असती तर मी आधी ह्यांना ढकललं असतं आणि मग स्वतः गेले असते.

बाईंनी शांतपणे उलगडून सांगितलं. चार गोळ्यांवर खवा पडला म्हणून औषध भलतंच अंगात उतरलं. म्हणून आकडा तसा झपाट्यानं खाली आला, आणि म्हणूनच पोटॅशियम गेलं, ठोका चुकला. आणखी थोडे दिवस तसंच चाललं असतं तर… मग म्हणाल्या, "गंमत अशी की काही ठिकाणी डॉक्टर मुद्दाम चारांऐवजी एकच गोळी हलक्या नाश्त्याबरोबर देतात. तेवढ्यात काम भागतं. तुम्ही पूर्ण बरे झालात की आपणही तसंच करू. पण नाश्ता रोज एकसारखा, तेल-तूप-साय जवळपास नाही, आणि खव्याचं बोटही तोंडात घालायचं नाही."

ह्यांनी त्यातलं निम्मंच ऐकलं. "म्हंजे म्या बरूबर हुतो!" माझ्याकडं बघून म्हणाले.

"चूक होतात!" मी आणि बाई एकदम ओरडलो. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा दचकून उठून बसला.

"पन चाखल्याबिगर घाणा उतरवायचा कसा?"

बाईंनी सुचवलं, "चाखा आणि थुंकून टाका."

ह्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या दोन बोटं मागं सरकल्या. "दूध थुंकू? भट्टीम्होरं?" एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. रात्रीचं जेवणही घेतलं नाही. म्हणजे पोट एकदाचं खरोखर रिकामं राहिलं.

हे बरे झाले, बाईंनी आता एकच गोळी नाश्त्याबरोबर लिहून दिली, आणि आम्ही घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली होती. वाटेत तिला पाय फुटले, शिंगं फुटली. खव्यानं कॅन्सर उतरतो, असं डॉक्टरनी सांगितलं म्हणे! दुसऱ्या दिवशी दारात डबे घेऊन माणसं उभी. कुणी म्हणे गुडघ्याला चालेल का, कुणी म्हणे मुलाच्या अभ्यासाला. वन्संनी परंड्याहून फोन करून शेजारणीसाठी "तो गोळीवाला खवा" सांगितला. मी शाळेतली पट्टी हातात घेऊन अंगणात उभी राहिले. "उतरला तो गोळीनं! खव्यानं हा माणूस मरायला टेकला होता, कळलं?" लोक हो हो म्हणाले आणि मागच्या बाजूनं भट्टीवर गेले.

हे कामाला लागले त्याच दिवशी खरा तमाशा झाला. न चाखता घाणा उतरवला. नजरेवर, वासावर, अंदाजानं. दुपारी तुळजापूरहून पेढेवाल्याचा फोन आला, "दादा, आज कढईवर कोण होतं?" ह्यांनी फोन ठेवला, ओसरीवर येऊन बसले आणि जाहीर केलं, "उद्यापासनं गोळी बंद."

मी म्हटलं, "काय बोलताय!"

"गोळी घ्यायची तर चाखायचं न्हाय. मंग गोळीच नको. म्या चाखणार."

"कळतं का काही? म्हशी पुन्हा दूध द्यायला लागतील!"

"देऊ दे!" आणि मग हा कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. "त्या इंजिक्शननं माजी दाढी पातळ केली. छाती बाईवानी केली. अंगातला जोर नेला. म्या एका शब्दानं बोललो? बायकांत बसवलं, बसलो. ही जीभ तेवढी ऱ्हायली हुती माजी. ती बी द्यायची? मंग तुमी वाचवायलाव तरी कुणाला?"

रागात माझ्या तोंडून निघालं, "जित्याची खोड…" आणि पुढची म्हण मी गिळून टाकली. मेल्याशिवाय जात नाही, हे मी कसं म्हणणार? त्यांनाही म्हण पूर्ण ठाऊक होती. सून आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली.

पण हार मानणारी मी नव्हे. मला साखरेचा आजार आहे, त्याची माझी रोजची गोळी मी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "तुमची बंद, तर माझीही बंद." त्यांना वाटलं, धमकी आहे. मी खरंच घेतली नाही. मग ओसरीवर समोरासमोर दोन पाट, एकावर ह्यांची गोळी, एकावर माझी, आणि दोघं तोंड फिरवून बसलेले. डब्यांची गर्दी आता हे बघायला थांबायला लागली. मुलगा आळीपाळीनं दोघांच्या पाया पडून गेला. सून म्हणाली, "तुमच्यापरीस माझ्या पोटातलं शानं हाय." ते मला लागलं, पण मी उठले नाही. मला चक्कर यायला लागली तरी उठले नाही. त्यांच्या पायांवरची सूज उतरलेली दिसत होती. तेवढ्या आनंदावर बसून राहिले.

मग एका पहाटे हे भट्टीवर गेले आणि मी मागून गेले. नाकाला पदर लावून. हे पडले त्या दिवशी धावले होते तेवढं सोडलं, तर पहिल्यांदाच. कढईत दूध आटत आलेलं, फदफदत होतं. ह्यांचं बोट कढईकडं निघालं. मी त्यांचा हात झटकला आणि माझं बोट घातलं. पोळलं. तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं, पोटातून उमासा आला, तो मी दातांखाली दाबून धरला.

"कसाय?" त्यांनी विचारलं.

"गोड."

"दूध गोडच असतंय, येडे. कसाय?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "तुला आवडत न्हाय?"

मी मान हलवली.

"कवापास्नं?"

"लग्न झाल्यापासून."

हे उलथणं टेकून उभे राहिले. आधी विश्वास बसेना. मग जे हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता अंगाची लाही सुरू झाली, घाम फुटला, मी पदरानं वारा घालायला लागले आणि मलाही हसू फुटलं. घाणा करपला. ह्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घाणा करपला आणि हे त्याच्याकडं बघून हसत होते. नंतर निमूट घरात आले, कोरडी भाकरी आणि बिनफोडणीचं मुगाचं वरण खाल्लं आणि पाटावरची गोळी उचलून तोंडात टाकली. मी माझी टाकली.

तेव्हापासून चाखायचं काम माझं. हे मास्तर, मी विद्यार्थीण. "जिभेवर ठेव, टाळूला लाव, घाई करू नगं. कण लागला तर आच जास्त झाली. चिकटला तर कच्चा हाय. मागनं कडसर आलं तर बुडाला लागला." मी तोंड वाकडं करून सांगायची, हे डोळे मिटून ऐकायचे. माझ्या जिभेवर काय लागलं, मला काय वाटलं, हे ह्या माणसानं मला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता रोज पहाटे विचारत होता. मला बरं वाटायचं, वास सोसूनही.

पुढच्या तपासणीला पोटॅशियम जागेवर, ठोका जागेवर, आकडा खालीच. बाई खूश झाल्या. ह्यांनी विचारलं, "ह्या म्हशी किती दिस भाकड ऱ्हात्याल?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "सांगता येत नाही, काका. काहींना काही महिने, काहींना बरीच वर्षं. ही गोळी चालेनाशी झाली तर दुसऱ्या तऱ्हेची औषधं आहेत. नवी येतही आहेत. पण कायमचं असं यातलं काही नाही."

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले होते. बार्शी मागं पडल्यावर एकदम बोलायला लागले. "उन्हाळ्यात दूध घट्ट येतंय, तवा जाळ कमी ठेवायचा. पावसाळ्यात लाकूड वलं असतंय, धुराचा वास धरतोय, कढई झाकायची न्हाय. दिवाळीला पेढेवाला घाई करतोय, त्याचं ऐकायचं न्हाय. पोराला अजून आचेचं कळत न्हाय, त्याच्यावर सोडू नगंस." मी हो हो म्हणत होते. आणि मग मला कळलं, हा माणूस मला हे सगळं कशासाठी सांगतोय. मी खिडकीबाहेर बघायला लागले, तर तिकडं त्यांचंच तोंड.

मी शिकले. खरं सांगते, फार लवकर शिकले. जन्मभर ज्याचा तिटकारा केला त्याची पारख माणसाला चांगली होते. आता चाखायचीसुद्धा गरज लागत नाही, नुसत्या वासावरून मला घाणा कळतो. पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे "कसाय?" म्हणतात तेव्हा खवा तयार असला की मी म्हणते, "कच्चा वाटतोय." कच्चा असला की म्हणते, "उतरवा, झाला." मग हे उलथण्यानं उचलून बघतात, बोटांत चोळून बघतात, नाकाशी धरतात आणि संतापतात.

परवा तर उलथणं आपटलं. "किती डाव सांगितलं! तुला ह्या जन्मात यायचं न्हाय!"

"नाही ना येत?" मी म्हटलं. "मग बसा शिकवत. मला येईपर्यंत कुठं जायचं नाही."

हे माझ्याकडं बघत राहिले. कढईतलं दूध कडेला लागायला आलं तरी बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी उलथणं उचललं, पंचानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"बरं," म्हणाले. "मंग पुन्ना पहिल्यापास्नं सांगतो."